सुयांची हजेरी

कोबी अर्धा चिरून झाला होता आणि धाकटीचा हात थांबला. सुया आठ होत्या. सात नव्हेत, आठ. कुणी कानात येऊन सांगितलं नव्हतं, कोबीच्या पानावर काही लिहिलेलंही नव्हतं. सुरी खाली आली, जाड देठ कचकन तुटला, आणि त्या आवाजासरशी काल संध्याकाळची ताईची मोजणी डोक्यात पुन्हा सुरू झाली. एक, दोन, तीन, करत करत सात. बस्स, सगळ्या हजर. तेव्हा धाकटी दुधाच्या पातेल्यापाशी उभी होती, दूध वर यायच्या बेतात होतं, आणि तिने न बघताच 'हं' म्हटलं होतं. त्या एका 'हं'वर गोधडीची घडी झाली, घडीला दोरी बांधली गेली, आणि आज सकाळी साडेनऊला दातांच्या डॉक्टरिणीचा नवरा येऊन ती घेऊनसुद्धा गेला. दोन महिन्यांच्या बाळाची गोधडी. धाकटीने सुरी ठेवली आणि ओल्या हातानेच छातीपाशी, खांद्यापाशी, बाहीपाशी चाचपून पाहिलं, कारण सुई अंगावरच्या कपड्यात खोचून विसरायची तिची जुनी खोड. काही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

एकसष्टाव्या वर्षीही तिला धाकटीच म्हणत. म्हणायला आता एकटी ताईच उरली होती, अडुसष्ट वर्षांची, पण एका माणसाने रोज पन्नास वेळा हाक मारली की ते नाव पुरतं. ताईने चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. नवरा वारल्यावर ती धाकटीच्या या दोन खोल्यांत राहायला आली ती हजेरी घेण्याची सवय बरोबर घेऊनच. धाकटीने लग्न केलं नाही. तिने कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणांच्या टेबलावर सगळा जन्म काढला. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, हिच्याकडे यायचं ते शेवटच्या हातासाठी. दोरे कापायचे, काज करायचं, बटण लावायचं, आणि माल पुढे सरकवायचा. गोधड्यांतही वाटणी तशीच झाली. तुकडे जुळवून वरचा पदर ताई करायची, हिशेबाने, चौकोनाला चौकोन भिडवून. मग धाकटी खाली अस्तर घालायची, मध्ये जुन्या धुतलेल्या चादरीचा थर, आणि तिन्ही मिळून धावता दोरा घालत सुटायची. चारी बाजूंची किनार दुमडून बंद केली की काम संपलं. ती डावखुरी. त्यामुळे तिच्या किनारीचे टाके सगळ्या जगाच्या उलट्या बाजूला कललेले असत, आणि गिऱ्हाइकांना तीच आवड होती. 'डाव्या हाताची गोधडी' म्हणून बायका मागून न्यायच्या.

उजेड फक्त स्वयंपाकघरात, म्हणून सगळं तिथेच. एकच टेबल; खिडकीकडच्या अर्ध्यावर कापड, ओट्याकडच्या अर्ध्यावर भाजी, आणि मधल्या सीमेवर मांजरं. मांजरं तीन. 'पाहुणी' दोन दिवसांसाठी आली होती, त्याला चार वर्षं झाली. 'जाडी'बद्दल जास्त सांगायला नको. आणि राखाडी 'कारकून', जो जिथे काम चाललं असेल तिथे नेमका कागदावर किंवा कापडावर बसून ते अडवायचा. सही-शिक्क्याशिवाय पुढे काही जाऊ द्यायचं नाही असा त्याचा खाक्या. या कारकुनानेच एकदा हातभर दोरा गिळला होता. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, नशीब समजा त्याला सुई नव्हती. त्या दिवसापासून ताईने नियम केला, गोधडी पुरी झाली की घडी घालण्याआधी सुयांची हजेरी. मोठ्याने. दोघींच्या समोर.

"ताई, सुया किती गं आपल्या?"

ताई खिडकीपाशी निळे तुकडे लावून बघत होती. "सात."

"सातच?"

"माझ्या वर्गाचा पट काय आज ठरलाय? सात म्हणजे सात."

"आणि वाकडी?"

ताईचा हात क्षणभर तुकड्यावर राहिला, असं धाकटीला नंतर वाटलं. तेव्हा तिला तो तुकडाच दिसला होता. "वाकडी तर तू टाकून दिलीस ना? मागच्या महिन्यात. म्हणालीस, हिचं नेढं दोरा कापतं. कागदात गुंडाळून तूच टाकलीस."

वाकडी म्हणजे कारखान्यातून आलेली जाड सुई, मधोमध किंचित वळलेली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालायची नाही. धाकटीच्या डाव्या हाताला मात्र तिची वळणं पाठ होती, आणि किनार ती वाकडीनेच घालायची. ती टाकून दिली? ताई म्हणाली मात्र, तसं ते दिसायलाच लागलं. एक पिवळट कागद, त्याची घडी, घडीला दुसरी घडी, केराच्या डब्याचं झाकण. पण हे चित्र आधीपासून आत होतं, की ताईच्या तोंडून शब्द निघाले तसतसं तयार झालं? धाकटीने डोळे मिटून पिवळ्या कागदाच्या अलीकडे जायचा प्रयत्न केला. अलीकडे काही नव्हतं. नेढं दोरा कापतं हे वाक्य मात्र तिचंच होतं, तिच्याच धाटणीचं, कारखान्यातल्या बायका म्हणायच्या तसं. तर मग काल किनार घातली ती कशाने? बोटांना विचारावं तर बोटांना वाकडीच आठवत होती, मधल्या बोटाच्या बाजूला तिचा तो ओळखीचा दाब, अंगुस्तानाच्या कडेला घासणारी पाठ. आता बोटांचं खरं मानायचं की ताईचं?

तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती ताईबद्दल. हे आजचं नव्हतं. गेले काही महिने घरात कुठेतरी काहीतरी सुटत होतं. डाळीत दोनदा मीठ पडलं. तोंड वेडंवाकडं करत धाकटी ताईकडे बघायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "माझ्याच हातून पडलं असेल, दही घे वरून." दूध दोनदा उतू गेलं, "मीच मोठी करून ठेवली वाटतं शेगडी." मांजरांना सकाळचं खाणं दोनदा मिळायचं, जाडी आणखी जाडी होत चालली होती, आणि ताई म्हणायची, "मी विसरले गं, तू घातलंयस ते." एवढ्या हुशार बाईचं असं व्हावं, याचं धाकटीला वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटायचं. जन्मभर ही बरोबर आणि आपण चूक. आता म्हातारपणी का होईना, पारडं हललं. अशा विचाराची लाज वाटून ती ताईला चहा करून द्यायची. कधी कधी तासाभरात दोनदा, आणि ताई दोन्ही वेळा निमूट प्यायची.

तर ताई चुकली. आठाच्या सात मोजल्या, आणि आता आपली चूक सावरायला तिच्या डोक्याने पिवळा कागद रचला. असंच असणार. म्हातारी माणसं रचतात, त्यांना कळतही नाही. आणि वाकडी त्या गोधडीत आहे, तीन थरांच्या मध्ये, आडवी, आणि तिच्यावर एक बाळ झोपलंय. की कारकुनाच्या पोटात असेल? सकाळी ती मासळी घेऊन आली तेव्हा पाहुणी आणि जाडी धावत आल्या आणि कारकून आला नाही. तो ताईच्या मांडीवर होता. ताईच्या मांडीवर गोधडी, गोधडीवर कारकून, आणि ताई चष्मा डबीत ठेवत म्हणाली होती, "घडी नीट नव्हती बसली, परत घातली." धाकटीने जाऊन त्याला पलंगाखालून ओढून काढलं आणि त्याचं पोट हळूहळू दाबून पाहिलं. पोट मऊ, गरम, घुरघुरणारं. सुई पोटात असलेलं मांजर घुरघुरेल का? तिला माहीत नव्हतं. तिला एकाएकी खूप गोष्टी माहीत नव्हत्या. तिने कारखान्यातलं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या जमिनीवरून फिरवलं. एक केसांचा आकडा आला, दोन टाचण्या आल्या, कुणाच्या तरी पेनाची टोपी आली. ताई खिडकीपाशी बसून सगळं बघत होती, आणि ताकास तूर लागू देत नव्हती.

"अगं, काय हरवलंय एवढं?"

"काही नाही."

"मग कोबी कोण करणार?"

"तू कर," धाकटी म्हणाली, "मी जरा जाऊन येते." आणि कुठे ते न सांगता तिने चपला घातल्या.

रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, एक माणूस शिडीवर चढून नवी पाटी लावत होता. सांगायचं काय, हा प्रश्न तिच्यापुढे चालत होता. माझ्या बहिणीने मोजायला चूक केली, असं? ताईचं नाव पुढे करायचं? लहानपणी एकदा काचेची बरणी फुटली होती, धाकटीच्या हातून, तिच्या त्या बदनाम डाव्या हातातून. आई आली तेव्हा ताई मध्ये उभी राहून म्हणाली, मी फोडली. मार खाल्ला आणि रडलीसुद्धा नाही. उलट धाकटीच रडत राहिली. आणि शाळेत डाव्या हाताने लिहिलं की छडी बसायची, उजव्याने लिहिलं की कोंबडीचे पाय. तेव्हा ताई तिचा गृहपाठ लिहून द्यायची, आणि बाईंना कळू नये म्हणून मुद्दाम जरा घाणेरडं लिहायची. पहिल्या दोन ओळी धाकटीसारख्या वेड्यावाकड्या. तिसऱ्या ओळीपासून अक्षर हळूच सुधारत जायचं, कारण ताईच्या हाताला वाईट लिहिणं फार वेळ जमायचं नाही. दर वेळी बाई विचारायच्या, खाली खाली अक्षर चांगलं कसं होतं गं तुझं? धाकटी त्या आठवणीने एकटीच हसली आणि मग उभी राहिली. ती एका वळणावर होती. डावीकडे की उजवीकडे? दातांसाठी ती त्या दवाखान्यात सहा वेळा गेली होती. डाव्या बाजूला निळं फाटक होतं, उजव्या बाजूला सायकलवाला, आणि दोन्ही ओळखीचे होते, आणि दोन्ही काही सांगत नव्हते. नवी पाटी लावलीय ना त्या शिडीवाल्याने, म्हणून, तिने स्वतःला बजावलं. पाटी बदलली की रस्ताच बदलतो. ती डावीकडे गेली, परत आली आणि उजवीकडे गेली.

दवाखाना खाली, घर वर. डॉक्टरिणीनेच दार उघडलं, केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाचा डाग. दवाखान्यातली तोंडावर फडकं बांधलेली, 'आ करा' म्हणणारी बाई ती हीच, हे पटायला धाकटीला वेळ लागला.

"अय्या, मावशी! तुम्ही? पैसे तर दिले ना यांनी?"

"दिले, दिले. ते नव्हे." धाकटीने श्वास घेतला. वाटेत तीन वाक्यं तयार केली होती, तिन्ही दारात नाहीशी झाली. "एक टाका राहिलाय. किनारीचा. चैन पडेना म्हणून आले."

"एका टाक्यासाठी एवढ्या उन्हात? या, या. आत्ताच झोपलाय, त्याच्याच अंगाखाली आहे."

बाळ खरोखरच तिच्यावर झोपलं होतं, मुठी वळून, पोटावर, एक गाल निळ्या चौकोनावर दाबलेला. धाकटी त्या गालाकडे बघत राहिली. गालाखाली तीन थर, आणि थरांत कुठेतरी. "उचला त्याला," ती म्हणाली, आणि आवाज एवढा चढा निघाला की डॉक्टरिणीने चमकून बघितलं आणि बाळाला उचललं. ते कुरकुरलं. आई त्याला घेऊन खिडकीपाशी फिरायला लागली.

जन्मभर सुई धरलेले तळवे जाड झालेले असतात, त्यांच्या भरवशावर राहायचं नसतं. गोधडी तपासायची ती गालाने. धाकटी जमिनीवर बसली, चष्मा काढला आणि गोधडीवर गाल टेकवला. दूध, साबण आणि नव्या दोऱ्याचा वास. वीतभर पुढे, पुन्हा दाबायचं, पुन्हा वीतभर. काही लागत नव्हतं. मधला भाग झाला, आडव्या ओळी झाल्या. डॉक्टरीण काय समजत असेल ते समजो. तीन किनारी झाल्या. चौथ्या किनारीच्या कोपऱ्यापाशी गाल थांबला. सुई नव्हती. पण काहीतरी निराळं होतं, इतकं बारीक की डोळ्यांना सहज दिसलं नसतं. तिने चष्मा लावला आणि किनार उजेडाकडे धरली.

टाके डावीकडे कललेले होते, तिचे असतात तसे. पण तिचे नव्हते. आपला टाका माणसाला आपल्या सहीसारखा कळतो. हे टाके कुणीतरी प्रयत्नाने उलटे कलवले होते, एकेक, मान वाकडी करून. पाच टाके असे. सहावा जवळजवळ सरळ. सातव्यापासून ते हळूच उजवीकडे वळले होते, आणि पुढचे हातभर टाके बारीक, घट्ट, सारख्या अंतराचे, पाढ्यासारखे. खाली खाली अक्षर सुधारत गेलेलं. इथे उसवलं होतं. इथून बोटं आत गेली होती, वाकडी बाहेर आली होती, आणि मग किनार पुन्हा बंद झाली होती. आज सकाळी, ती मासळीवाल्याकडे उभी असताना. म्हणजे ताईने काल सात मोजल्या त्या सातच होत्या आणि तिला ठाऊक होतं की एक कमी आहे. म्हणजे पिवळा कागद खोटा, पण विसरण्यातून आलेला नव्हे; मुद्दाम बनवलेला, तिच्याचसाठी. आणि एवढं कळल्यावर बाकीचं थांबेना, एक टोक ओढलं की अख्खी ओळ उसवत जाते तसं. डाळीतलं मीठ. दूध. मांजरांचं खाणं. 'माझ्याच हातून पडलं असेल.' बरणी मी फोडली. धाकटीला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. आपल्या डोक्यात एक खोली आहे, तिथे आपण रोज जातो-येतो आणि त्याची आपल्यालाच खबर नाही. आणि ताई कधीपासूनची त्या खोलीच्या दारात उभी राहून आपल्या मागचं आवरतेय.

"सापडला का हो टाका?" डॉक्टरिणीने विचारलं.

"सापडला."

"घाला ना मग. सुई देऊ?"

"नको," धाकटी म्हणाली. "घातलेला आहे. मलाच दिसला नव्हता."

तिने गोधडी झटकली, पसरली, हाताने सारखी केली. डॉक्टरिणीने बाळाला त्याच जागी निजवलं, आणि त्याने गाल पुन्हा निळ्या चौकोनावर टेकवला. चहा घ्या म्हणाली. धाकटीने घेतला नाही. येताना वळणावर ती थांबली नाही, किंवा थांबली असेल. तिला आता कुठल्याच 'नाही'ची खात्री देता येत नव्हती. कधीपासून, हे तिला हवं होतं. या वर्षीपासून? गेल्या? ताईने जुळवलेल्या आणि आपण संपवलेल्या किती गोधड्यांच्या कोपऱ्यांत हातभर किनार उजवीकडे कललेली आहे? 'डाव्या हाताची' म्हणून नेल्या लोकांनी. तिला राग आला. एवढ्या वेळा मध्ये उभं राहायला हिला सांगितलं कोणी? मग राग आला तसा गेला, आणि त्याच्या जागी काय आलं ते तिला नीट कळलं नाही.

घरात कोबी शिजल्याचा वास होता. कारकून ताटलीत तोंड घालून मासळी खात होता, सुई पोटात असल्याचं एकही लक्षण न दाखवता. ताई शेगडीपाशी उभी होती.

"कुठे गेली होतीस?"

"दातांच्या डॉक्टरिणीकडे."

पळी भांड्यात थांबली. "मग?"

"मान दुखली असेल तुझी. उलटे टाके घालताना."

ताईने शेगडी बारीक केली. "पाच जमले," ती म्हणाली, "मग हात आपला आपल्या वळणावर गेला."

"कितवी वेळ?"

"कोबीत मीठ घातलंयस का तू? चिरता चिरता भुरभुरतेस ना, म्हणून मी थांबले."

"ताई, कितवी वेळ?"

"तू आधी सांग. मीठ."

धाकटीला हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. तिने आजवर दोन्हींपैकी एक ठासून म्हटलं होतं आणि ताईने ते आपल्या अंगावर घेतलं होतं. "मला आठवत नाही," ती म्हणाली. हे शब्द या घरात पहिल्यांदा बोलले गेले होते. छत कोसळलं नाही. जाडीने जांभई दिली.

ताईने पळीवर जरासा कोबी घेऊन फुंकर मारली आणि तिच्यापुढे धरला. धाकटीने चाखला. "आळणी आहे."

"मग घाल."

तिने मीठ घातलं, ताईच्या डोळ्यांसमोर. मग ताईने हात पुसले, चष्म्याची डबी उघडली, तळाच्या मखमलीखालून वाकडी काढली आणि धाकटीच्या डाव्या तळहातावर ठेवली. बाकीच्या सात सुयांच्या उशीतून काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "मला यापुढे एकटीला जमणार नाही गं," ती म्हणाली, वर्गातल्या आवाजात नव्हे. "माझेही डोळे चाललेत. हजेरी तू घे. मोठ्याने."

धाकटीने वाकडी ओळीच्या शेवटी ठेवली. एक, ती म्हणाली, आणि बोट ठेवलं. दोन. तीन. चार. कारकून ताटली सोडून उडी मारून टेबलावर आला आणि नेमका ओळीच्या पलीकडे बसला, शेपूट सुयांवर टाकून. पाच, धाकटी म्हणाली, आणि थांबली. पाच म्हटलं होतं की पाच म्हणायचं होतं? तिने ताईकडे पाहिलं. ताईचे ओठ हलण्याच्या बेतात होते. सहा तिच्या ओठांवर आलेला स्पष्ट दिसत होता. ताईने तो गिळला. ती नुसती उभी राहिली, टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून, आणि वाट पाहू लागली.

धाकटीने मांजराची शेपूट बाजूला केली, बोट पुन्हा पहिल्या सुईवर नेलं, आणि म्हणाली, "एक."